विश्लेषण : चालता सर्व्हर अपग्रेड करावा का? जॉन पोस्टेल यांच्या दोन बदलांची गोष्ट

सर्व्हर सुरळीत चालू आहे. लोक त्यावरून बिले भरत आहेत, तिकिटे काढत आहेत. तेवढ्यात सूचना येते, की काही पॅकेजांच्या नव्या आवृत्त्या आल्या आहेत. अपग्रेड करताना काही बिघडले तर चालत्या गाडीला खीळ बसते. अपग्रेड टाळले तर जुन्या त्रुटीतून कोणी आत शिरण्याचा धोका राहतो. सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकापुढे हा पेच केव्हा ना केव्हा येतोच. ४० वर्षांपूर्वी हाच पेच एका सर्व्हरपुरता नव्हता, तो अख्ख्या नेटवर्कपुढे होता. तो सोडवणाऱ्यांत आघाडीवर होते अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ जॉन पोस्टेल. त्यांच्या आयुष्यात असे दोन मोठे बदल आले. एक पार पडला, दुसरा काही दिवसांत मागे घ्यावा लागला. का, ते पाहू.

हा निर्णय इतका अवघड का?

ज्यावर ग्राहकांचे खरे काम चालते, तो प्रॉडक्शन सर्व्हर. ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस, वेब सर्व्हर, एन्क्रिप्शनची लायब्ररी अशा शेकडो पॅकेजांवर तो उभा असतो आणि ही पॅकेजे एकमेकांवर अवलंबून असतात. एकाची आवृत्ती बदलली की दुसरे रुसून बसू शकते. त्यामुळे नेहमी अपग्रेड करा किंवा चालतेय त्याला हात लावू नका, असे सरसकट उत्तर देता येत नाही.

दोन उदाहरणे बघा. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीतील ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी उघड झाली. ती १.०.१ या मालिकेत होती. त्याआधीच्या १.०.० किंवा ०.९.८ या मालिकांवर थांबलेले सर्व्हर या त्रुटीपासून वाचले. म्हणजे इथे नव्या आवृत्तीकडे गेलेले अडकले. जून २०१७ मधील ‘नॉटपेट्या’ हल्ला याहून गुंतागुंतीचा होता. तो युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच आत शिरला. पुढे पसरताना मात्र त्याने चोरलेल्या पासवर्डांबरोबर विंडोजमधील अशा त्रुटीचा फायदा घेतला, जिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. या हल्ल्यात मर्स्क समूहाचे जगभरातील काम विस्कळीत झाले आणि न्हावा शेवा येथील जेएनपीटी बंदरात या समूहाच्या टर्मिनललाही त्याचा फटका बसला. एकाच हल्ल्यात अपडेट घेणारेही सापडले आणि न घेणारेही.

पोस्टेल कोण होते?

जोनाथन पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील अल्टाडेना येथे झाला. लॉस एंजलिसमधील व्हॅन नाइस हायस्कूलमध्ये ते शिकले. इंटरनेटच्या जडणघडणीत पुढे नाव काढणारे व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही त्याच शाळेचे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस शाखेतून, म्हणजे यूसीएलएतून, त्यांनी १९६६ मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेतली. तिथेच १९७४ मध्ये संगणकशास्त्रात पीएच.डी. मिळवली.

ते योग्य जागी योग्य वेळी होते. अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘अर्पानेट’ या प्रायोगिक नेटवर्कचे पहिले केंद्र यूसीएलएतच उभे राहिले. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी तिथून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाकडे पहिला संदेश गेला. लॉगिन या शब्दाची पहिली दोनच अक्षरे पोहोचली आणि पलीकडचे यंत्र बंद पडले. इंटरनेटच्या पूर्वजाचा पहिलाच दिवस असा बिघाडाने सुरू झाला. पोस्टेल तेव्हा तिथल्या नेटवर्क मोजमाप केंद्रात काम करणारे विद्यार्थी होते.

लांब दाढी आणि पायात सँडल अशी त्यांची ओळख होती. मोठे पद किंवा कंपनी त्यांच्याकडे कधी नव्हती. काम मात्र असे होते, की त्यावाचून सगळ्यांचे अडावे. नेटवर्कचे नियम ज्या दस्तऐवजांत लिहिले जातात, त्यांना आरएफसी म्हणतात. त्यांचे संपादन पोस्टेल यांनी जवळपास तीन दशके केले. कोणत्या सेवेला कोणता क्रमांक द्यायचा, याची नोंदही तेच ठेवत. या नोंदणीच्या कामाला पुढे ‘आयएएनए’ हे नाव पडले. पण बराच काळ आयएएनए म्हणजे पोस्टेल आणि त्यांचे मोजके सहकारी, असेच चित्र होते.

१९८३ चा बदल कशासाठी होता?

अर्पानेटवरील संगणक सुरुवातीला एनसीपी नावाच्या प्रोटोकॉलने एकमेकांशी बोलत. प्रोटोकॉल म्हणजे संवादाचे ठरलेले नियम. एनसीपी चालत होता, त्यावर ई-मेल जात होते, फायली जात होत्या. मग तो बदलायचा कशाला?

कारण तो एकाच नेटवर्कपुरता विचार करून रचला होता. मधले नेटवर्क भरवशाचे आहे, पाठवलेला मजकूर पोहोचणारच, हे त्यात गृहीत धरले होते. १९७० च्या दशकात रेडिओवर आणि उपग्रहावर चालणारी नेटवर्क आली. तिथे पाकिटे हरवत. वेगवेगळी नेटवर्क जोडायची तर नवे नियम हवे होते. ते सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी आखलेल्या टीसीपीमधून आले. १९७७ मध्ये पोस्टेल यांनी त्यात एक महत्त्वाचा दोष दाखवला. पाकीट वाटेतून पुढे ढकलणे आणि ते दोन टोकांना नीट पोहोचल्याची खात्री करणे ही दोन वेगळी कामे टीसीपी एकत्र करत होता. ती वेगळी करावीत, असा त्यांचा आग्रह होता. पुढच्या वर्षी टीसीपी आणि आयपी असे दोन थर झाले. त्यांची प्रमाण मानली गेलेली आवृत्ती सप्टेंबर १९८१ मध्ये पोस्टेल यांच्याच संपादनाखाली प्रसिद्ध झाली. आजही वापरात असलेला आयपीव्ही-४ तो हाच.

म्हणजे बदलाचे कारण पक्के होते. नवे आले म्हणून बदल, असे ते नव्हते. जुन्या व्यवस्थेने पुढची गरज भागणारच नव्हती.

तयारी कशी झाली?

नोव्हेंबर १९८१ मध्ये पोस्टेल यांनी बदलाचा आराखडा आरएफसी ८०१ म्हणून प्रसिद्ध केला. हा दस्तऐवज आजही वाचण्यासारखा आहे, कारण त्यात मोठे तत्त्वज्ञान नाही. कधी काय करायचे, कोणती सेवा आधी हलवायची आणि अडले तर काय, एवढेच आहे. अखेरची तारीख ठरली १ जानेवारी १९८३. म्हणजे सर्वांना एक वर्षाहून अधिक मुदत मिळाली.

सगळे संगणक एकाच दिवशी बदलणार नाहीत, हे त्यांनी आधीच धरून चालले होते. म्हणून दोन्ही प्रोटोकॉल येणारी काही यंत्रे मध्ये ठेवण्याची सोय होती. जुन्या नियमांवरच्या संगणकाला नव्याशी बोलायचे असेल, तर ही यंत्रे दुभाष्याचे काम करत. ई-मेल, फायलींची देवाणघेवाण आणि दुसऱ्या संगणकावर लॉगिन या तीन रोजच्या सेवा त्यामुळे बदलाच्या काळातही चालू राहणार होत्या.

मुदत देऊन सगळे तयारीला लागतात असे नाही. म्हणून रंगीत तालीमही झाली. १९८२ च्या मध्याला एक दिवस नेटवर्कवरील एनसीपीची वाहतूक मुद्दाम बंद करण्यात आली. त्याच वर्षी शरद ऋतूत ती दोन दिवस बंद ठेवली गेली. ज्यांची तयारी नव्हती, त्यांना ती उणीव तारखेच्या आधीच कळली.

प्रगती मोजण्याचीही सोय झाली. डिसेंबर १९८२ पासून फेब्रुवारी १९८३ पर्यंत जवळपास दर आठवड्याला नेटवर्कवरचे संगणक एकेक करून तपासले गेले. नव्या प्रोटोकॉलवर लॉगिन, फाइल आणि ई-मेल यांपैकी कोणती सेवा उत्तर देते, याची यादी प्रसिद्ध होत होती. आपले यंत्र यादीत मागे आहे हे सगळ्यांना दिसत असल्याने ढिलाई लपवायला जागा उरली नाही.

१ जानेवारीला काय झाले?

तो शनिवार होता, वर्षाचा पहिला दिवस, सुटीचा. बदल झाला, पण सगळे काही बिनबोभाट पार पडले असे नाही. काही संगणक मागे राहिले, काहींना पुढचे काही महिने मुदतवाढ द्यावी लागली. व्यवस्थापकांची इतकी दमछाक झाली, की या बदलातून आपण वाचलो अशा अर्थाचे बिल्ले लोकांनी छातीवर लावले. तरीही नेटवर्क टिकले.

हे यश नशिबाचे नव्हते. कारण स्पष्ट होते, तारीख जाहीर होती, मधल्या काळासाठी दुभाषे होते, तालीम झाली होती, मोजमाप चालू होते आणि अडलेल्यांना सवलत होती. बदल करणाऱ्यांकडे तो करण्याचा अधिकारही होता, कारण मार्च १९८२ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने टीसीपी/आयपी हे आपले प्रमाण म्हणून स्वीकारले होते. हा शेवटचा मुद्दा तेव्हा कोणाच्या फारसा लक्षात आला नसेल. १५ वर्षांनी तोच कळीचा ठरला.

आज एकेक सर्व्हर वेगळा बदलता येतो, तो कसा?

तुमच्या कार्यालयातला सर्व्हर अपग्रेड करायला आज जगाची परवानगी लागत नाही. यामागेही पोस्टेल यांच्या दोन कल्पना आहेत. पहिली थरांची. आयपीला हात न लावता त्यावरची ई-मेलची किंवा वेबची सेवा बदलता येते.

दुसरी कल्पना १९८० च्या त्यांच्या लेखनात दिसते आणि पुढे ती पोस्टेल यांच्याच नावाने ओळखली गेली. आपण पाठवताना नियम काटेकोर पाळावेत आणि दुसऱ्याकडून येणारे थोडे वाकडेतिकडे असले तरी समजून घ्यावे, असा तिचा आशय. यामुळे जुन्या आणि नव्या आवृत्तींचे सर्व्हर शेजारी शेजारी नांदू शकले.

या उदारपणाची किंमतही आहे. चुका खपवून घेतल्या की त्या दुरुस्त करण्याची घाई कोणालाच नसते, हळूहळू तीच रूढी होते आणि एखाद्या अपग्रेडनंतर काटेकोर झालेला सर्व्हर जुन्या ग्राहकांना नाकारू लागतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ९४१३ मध्ये या तत्त्वाच्या मर्यादांवरच चर्चा आहे. त्याचे सार असे, की चुका पोसत बसण्यापेक्षा प्रोटोकॉलची सतत देखभाल करावी.

१९९८ मध्ये काय घडले?

१९८० च्या दशकात नेटवर्क वाढले. पोस्टेल तेव्हा दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये होते. तिथेच त्यांचे सहकारी पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डोमेन नावांची व्यवस्था, म्हणजे डीएनएस, मांडली. प्रत्येक देशाला आपले नाव मिळू लागले. भारताच्या डॉट इनची नोंद मे १९८९ मध्ये झाली आणि सुरुवातीला त्याचे काम मुंबईतील एनसीएसटी ही संस्था पाहत होती.

या व्यवस्थेच्या माथ्यावर १३ मूळ सर्व्हर आहेत. कोणत्या नावासाठी कोणाकडे विचारायचे, याची सर्वात वरची यादी त्यांच्याकडे असते. १९९८ च्या सुरुवातीला त्यांपैकी १२ सर्व्हर ही यादी नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीच्या मुख्य सर्व्हरवरून घेत. डॉट कॉमसारख्या नावांची नोंदणी याच कंपनीकडे सरकारी करारानुसार होती आणि १९९५ पासून ती शुल्कही घेत होती. नावांचा कारभार कोणाच्या हाती असावा, यावर तेव्हा वाद पेटला होता. अमेरिकी सरकार आपला प्रस्ताव जाहीर करण्याच्या तयारीत होते.

२८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी सरकारी संस्था व नेटवर्क सोल्युशन्सच्या ताब्यात नसलेल्या आठ मूळ सर्व्हरच्या चालकांना ई-मेल पाठवला. यापुढे यादी कंपनीच्या सर्व्हरवरून न घेता आयएएनएच्या सर्व्हरवरून घ्यावी, अशी विनंती त्यात होती. त्यांच्या शब्दाला इतका मान होता, की आठही जणांनी ती मानली.

तांत्रिकदृष्ट्या बदल निर्दोष होता. पोस्टेल यांचा सर्व्हर मूळ यादीचीच प्रत देत होता, त्यामुळे जगात कोणालाही फरक जाणवला नाही, एकही संकेतस्थळ बंद पडले नाही. पण वॉशिंग्टनमध्ये खळबळ उडाली. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी पोस्टेल आणि त्यांच्या विद्यापीठाकडे कडक शब्दांत विचारणा केली. पोस्टेल यांनी ही चाचणी असल्याचे सांगितले आणि काही दिवसांत सगळे सर्व्हर पूर्ववत झाले. ती खरेच चाचणी होती, की नियंत्रण सरकारशिवायही हलू शकते हे दाखवण्याचा प्रयत्न, यावर आजही दोन मते आहेत.

दोन्ही बदल शेजारी ठेवले की फरक दिसतो. १९८३ मध्ये तांत्रिक अडचणी भरपूर होत्या, तरी बदल टिकला. १९९८ मध्ये अडचण एकही नव्हती, तरी तो मागे गेला. पहिल्यात ज्यांच्यावर परिणाम होणार त्या सर्वांना आधीपासून माहिती होती आणि निर्णयाला मान्यता होती. दुसऱ्यात एका आदरणीय माणसाचा एक ई-मेल होता.

अखेर

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला नावे आणि क्रमांक यांच्या कारभारासाठी ‘आयकॅन’ ही संस्था स्थापन झाली. आतापर्यंत एका माणसाच्या विश्वासावर चाललेले काम संस्थेकडे जाणार होते. हे हस्तांतर नीट व्हावे यासाठी पोस्टेल धडपडत होते. पण १६ दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे लॉस एंजलिसमध्ये त्यांचे निधन झाले. वय होते ५५. सर्फ यांनी लिहिलेला त्यांचा मृत्युलेख आरएफसी २४६८ म्हणून प्रसिद्ध झाला. ज्या मालिकेचे त्यांनी आयुष्यभर संपादन केले, तिच्यातच त्यांची अखेरची नोंद झाली.

संस्था वेळेत उभी राहिली नसती तर काय झाले असते, हा प्रश्न प्रत्येक लहान कार्यालयालाही लागू पडतो. सर्व्हरचे सगळे पासवर्ड आणि सगळी खबर एकाच कर्मचाऱ्याकडे असेल, तर कोणते पॅकेज जुने आहे यापेक्षा मोठा धोका तोच आहे.

आज सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी काय घ्यावे?

आधी कारण तपासावे. सुरक्षा दुरुस्ती असेल आणि ती आपल्याला लागू होत असेल, तर उशीर महागात पडतो. आग लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही. नुसती नवी सुविधा असेल तर थांबता येते. पण सध्याच्या आवृत्तीला दुरुस्त्या मिळणे कधी बंद होणार, ती तारीख माहीत हवी. ती उलटून गेल्यावर अपग्रेड न करणे हाही निर्णयच असतो, फक्त तो कोणी घेतल्याची नोंद नसते.

मग तालीम करावी. तसाच दुसरा सर्व्हर उभारून त्यावर आधी बदल करावा. बॅकअप नुसता घेऊन भागत नाही, त्यातून सर्व्हर परत उभा राहतो का हे करून पाहावे. अनेक सर्व्हर असतील तर एकावर बदल करून एखादा दिवस पाहावे, मग पुढच्याकडे जावे. मागे कसे फिरायचे हे पुढे जाण्याआधी लिहून ठेवावे. आयपीव्ही-६ च्या वेळी जगातल्या मोठ्या कंपन्यांनी हेच केले. ८ जून २०११ रोजी एक दिवस चाचणी घेतली, वर्षभर त्रुटी काढल्या आणि ६ जून २०१२ पासून तो कायमचा चालू केला.

आणि शेवटी, ज्यांचे काम अडणार त्यांना आधी सांगावे व ज्याच्या अधिकारात निर्णय आहे त्याची संमती घ्यावी. काही बिघडले नाही म्हणजे बदल मान्य झाला, असे होत नाही.

आरएफसींच्या मालिकेत प्रसिद्ध झालेला दस्तऐवज कधी खोडला जात नाही. बदल झाला की नवा क्रमांक मिळतो आणि नव्यात जुन्याचा उल्लेख राहतो. पोस्टेल यांनी १९८१ मध्ये संपादित केलेल्या टीसीपीच्या आरएफसी ७९३ ची जागा ऑगस्ट २०२२ मध्ये आरएफसी ९२९३ ने घेतली. ४१ वर्षांनी अपग्रेड झाले, तरी जुनी प्रत अजून जशीच्या तशी वाचता येते.